उसने चक्कीवाले

काकांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असत. डाव्या हातावर चावीचं जुनं, उजव्या हातावर सेलचं. दोघांची वेळ कधी जुळत नसे, मग काका दोन्हींच्या मधली वेळ धरून चालत. दिग्रसला माझी नेमणूक झाली आणि मी त्यांच्या घरी भाड्यानं राहायला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी मी न राहवून विचारलं, "काका, दोन कशाला?"

"एक बंद पडलं तं?"

"मग कुणालाही विचारायचं किती वाजले ते."

कुणाच्या तरी खिशात हात घाला, असं मी सांगितल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दुसऱ्याचा टाइम उसना घ्यायचा? न्‍हाई बाप्पा."

त्या 'उसना' शब्दावर त्यांनी दिलेला जोर मला तेव्हा कळला नाही. कळायला जिन्याच्या तोंडाशी लावलेली पाटी वाचावी लागली. पाटीवर त्यांचं आडनाव होतं : उसने.

मी साताऱ्याकडची. जनावरांची डॉक्टर. सरकारी दवाखान्यात नेमणूक झाली म्हणून विदर्भात आले आणि 'ढोरांची डॉक्टरीण' झाले. काकांचं घर दवाखान्यापासून जवळ. खाली रस्त्याच्या अंगाला त्यांची पिठाची चक्की, मागे त्यांचं आणि काकूंचं राहणं, वर माझ्या दोन खोल्या. गावाबाहेर थोडी शेती होती, ती बटईनं दिलेली. काका दिवसभर चक्कीवर. पिठानं त्यांच्या भुवया कायम पांढऱ्या. अंघोळ करून बाहेर आले की त्या काळ्या दिसत आणि हे कोण गृहस्थ, असं क्षणभर वाटे.

जन्मात कुणाकडून काही उसनं घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम होता. मीठ, काडेपेटी, शिडी, छत्री, काहीच नाही. एसटीत शेजारचा माणूस वर्तमानपत्र वाचत असला, तर आपली नजर चुकूनही त्यावर जाऊ नये म्हणून हे खिडकीकडे तोंड करून बसत. कुणी मोटारसायकल थांबवून "बसा काका, सोडतो" म्हटलं, तर "माही सायकल हाय" म्हणायचे, मग सायकल पंक्चर होऊन घरी पडलेली का असेना.

खरी पंचाईत विरजणाची होई. दही लावायचं तर मुळात कुणाचं तरी दही हवं. काकू आपलं विरजण देवासारखं जपत. एकदा मांजरानं त्या गाडग्यात तोंड घातलं. शेजारीण भिंतीवरून वाटी पुढं करत होती, काकू मागं बघत होत्या आणि काका दारात उभे. शेवटी ते सायकलवर बसस्टँडवर गेले, हॉटेलातून दही घेऊन आले आणि वाटी काकूंच्या हातात देत म्हणाले, "हे इकत आणलं हाय. उसनं न्‍हाई." काकू मला म्हणाल्या, "पाह्यलं ना? असा संसार केला मी. देव बी यांच्या घरी आला तं आपला पाट घेऊन या म्हणतीन हे."

देताना मात्र हात मोकळा. आळीतल्या प्रत्येक घरात काकांची एखादी तरी वस्तू असायचीच. कुणाकडे ताडपत्री, कुणाकडे घमेलं, कुणाकडे लग्नातलं मोठं गंज, म्हणजे पातेलं. परत मागायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, अहो, ती ताडपत्री तरी आणा, पावसाळा आला. तर म्हणाले, "मागतलं की त्याले वाटते का आपण उसनं घेतलं होतं. कायले त्याच्या जिवाले लावायचं?"

दुसऱ्या लोकांच्या आडनावांचा त्यांना भारी नाद. चक्कीवर दळणाचे डबे रांगेत असत आणि प्रत्येक डब्यावर रंगानं आडनाव लिहिलेलं. गहू पडत असताना ते डब्याच्या मालकाला विचारत, "तुमचं हे आडनाव कायचं हो?" बहुतेकांना सांगता येत नसे. मग काका सांगत. एखादा पूर्वज हमखास काळा, बुटका, भांडखोर नाही तर खादाड निघे. माणूस हिरमुसला की त्याची समजूत घालत, "मनाले लावून घेऊ नका. नाव आईबाप ठेवते, ते प्रेमानं ठेवते. आडनाव गाव ठेवते. अन् गावाले प्रेम कुठं असते?" माझ्या आडनावाचाही त्यांनी अर्थ लावला होता. तो मी इथं सांगत नाही.

स्वतःच्या आडनावाबद्दल मात्र कुणी विचारलं, की ते चक्कीत दाणे सरकवायला लागत.

लहानपणी या आडनावानं त्यांना छळलं होतं. शाळेत हिंदी शिकवायला एक तिकडचे गुरुजी होते. त्यांना मराठी यायचं नाही. वर्गात गोंधळ झाला की ते गरजत, "किसने किया?" आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणे, "उसने!" गुरुजी म्हणत, उसने किसने? वर्ग बोट दाखवून पुन्हा म्हणे, "उसने!" काका सांगत, "मी शाळेत नसलो त्या दिवशीबी माहंच नाव येत होतं. मार दुसऱ्या दिवशी खात होतो." ही गोष्ट ते हसत हसत सांगत. हसण्यासारखी होतीच. दुसरी गोष्ट त्यांनी मला वर्षभरानंतर सांगितली, आणि ती सांगताना ते हसले नाहीत.

त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं, आपल्या घराण्यात कधी काळी एकानं पेरणीसाठी शेजाऱ्याचा बैल उसना आणला आणि परत केलाच नाही. शेजारी मागून मागून थकला, मेला. तेव्हापासून गाव या घराला उसने म्हणायला लागलं. "बाप मरताना मले म्हणे, आपल्या नावात चोरी हाय. तू कोणाचं काही घेऊ नको. म्हटलं, घेत न्‍हाई." एवढं बोलून त्यांनी चक्कीचा पट्टा उगाच ओढून पाहिला. "मी घेतलं न्‍हाई. पण नाव तं तेच हाय ना."

त्यांना एकच मुलगा. पुण्याला कंपनीत. त्या दिवाळीला तो घरी आला होता. वणीकडची मुलगी पाहून लग्न ठरलं होतं, तारीख उन्हाळ्यातली. फराळाला मलाही खाली बोलावलं होतं. चिवडा खाता खाता मुलगा म्हणाला, "बाबा, मी आडनाव बदलून घेतो. पत्रिका छापायच्या आधी. गॅझेटात अर्ज करा लागते, होऊन जाते."

काकूंचा हात थांबला. काका म्हणाले, "काहून?"

"ऑफिसमधले सगळे हिंदीवाले. मीटिंगमध्ये कोणी विचारलं की हे काम कोणी केलं, सगळे माझ्याकडे बघून हसतात. तुम्हाले शाळेत त्रास झाला, मले रोज होते."

"अन् लावशीन काय?"

"पाटील."

काका असे काही मोठ्यांदा हसले की बाहेरचं कुत्रं उठून उभं राहिलं. "अरे, पाटील आपलं कुठं हाय? दुसऱ्याचं घेशीन ना तू! म्हंजे आतालोक नुसतं नाव होतं, आता तू खराखुरा उसने होशीन!"

मीही हसले. मुलगा हसला नाही. त्यानं बशी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. मग तुम्हीच सांगा, आपल्या नावाचा अर्थ काय? बैलचोर. तेच ना? ते मी माह्या लेकराले कायले देऊ?"

 काका उठले, चप्पल घातली आणि चक्कीत जाऊन बसले. दिवाळीच्या दिवशी चक्की बंद होती, तरी जाऊन बसले. मुलगा दोन दिवसांनी पुण्याला गेला तेव्हा स्टँडवर पोचवायला काका गेले, पण वाटेत दोघं बोलले नसावेत. काकू म्हणाल्या, "बापाची जिद्द घेतली त्यानं. ती मात्र उसनी न्‍हाई."

त्यानंतर थोड्याच दिवसांत, कापसाची वेचणी भरात असताना, मला एका तांड्यावरून बोलावणं आलं. पुसद रस्त्यानं पुढं जाऊन आत वळलं की बंजारा लोकांचा तो तांडा लागतो. पूर्वी हे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. आता शेती करतात. तिथं एक गाय अडली होती, वासरू आडवं आलं होतं. खूप वेळ खटपट करावी लागली, पण वासरू जिवंत निघालं आणि गायही वाचली. मी हात धूत होते, तेव्हा त्या घरची म्हातारी गरम पाण्याचा तांब्या घेऊन आली. सगळा तांडा तिला याडी म्हणे. याडी म्हणजे आई. कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या, ऐंशीच्या पुढचं वय आणि आवाज खणखणीत.

"कुठं राह्यते व बाई तू?"

"दिग्रसला. उसनेंच्या घरी. चक्कीवाले."

याडी तोंडाला पदर लावून हसायला लागली. "उसने? तो तं आमचाच व! आमचा पोट्टा हाय त्यांच्यापाशी."

मला वाटलं, म्हातारी काहीतरी भलतंच बोलते आहे. पण ती उकिडवी बसली, वासराच्या अंगावरून हात फिरवत राहिली आणि तिनं सांगितलं ते असं.

बैलांच्या लदेणीच्या काळात, म्हणजे तिच्या आजेसासूच्याही कितीतरी आधी, हा तांडा दरसाल याच वाटेनं जाई आणि दिग्रसजवळ नदीकाठी उतरे. एका साली एका लहान पोराला देवी आल्या. ताप उतरेना. तांड्याला थांबता येत नव्हतं, शेकडो बैलांना चारापाणी कुठून मिळणार? नदीकाठच्या शेतातल्या एका कुणबिणीनं ते पोर पाहिलं. तिला मूलबाळ नव्हतं. ती म्हणाली, ठेवून जा माझ्याकडे. पोराच्या आईनं पोर तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "देत न्‍हाई. उसना देतो. येतानी घेऊन जाऊ."

पुढच्या साली तांडा आला. पोर बरं झालेलं, अंगानं भरलेलं, कुणबिणीचा पदर सोडेना. आई शेताच्या बांधावर तीन दिवस बसून राहिली. मग उठली आणि म्हणाली, "राहू दे अजून एक साल." त्याच्या पुढच्या सालीही तेच म्हणाली. दर साली ती यायची, बांधावर बसायची, पोराला जवळ घ्यायची, खाऊ घालायची आणि तेच म्हणून जायची. पोर मोठं झालं, त्याचं लग्न झालं. सगळं गाव त्याला उसना म्हणे. मग सडका झाल्या, रेल्वे आली, लदेणी बंद पडली. तांडा जिथं होता तिथं बसला.

"मग त्याला परत कुणी मागितलंच नाही?" मी विचारलं.

याडी माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "न्‍हाई मागतलं म्हणून देऊन टाकलं असं होते का व? आमच्या घरात आजबी भाऊ मोजतानी एक जास्त मोजते."

घरी परतताना स्कूटर मी मुद्दाम हळू चालवली. ही गोष्ट काकांना सांगावी का, हे ठरेना. ती किती खरी, किती म्हातारीच्या मनची, कोण जाणे. शिवाय मुलाचं लग्न तोंडावर. आपल्याकडे सोयरीक जुळवताना माणसं जात किती खोलवर उकरतात, ते मला कुणी सांगायला नको होतं. पण दिवाळीच्या दिवशी एकटे चक्कीत जाऊन बसलेले काकाही डोळ्यांपुढून हलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चक्कीवर कुणी नव्हतं. काका स्वतःच्या घरची ज्वारी दळत होते. मी शेजारी पोत्यावर बसून सगळं सांगितलं. मध्येच कधीतरी त्यांनी बटण बंद केलं. पट्टा फटफट करत मंदावला आणि थांबला. माझं सांगून झालं. मग म्हणाले, "बैल नव्हता?"

"नाही काका. पोर होतं."

"चोरलं नव्हतं?"

"नाही. त्यांनीच ठेवलं. त्या बाईनं सांभाळलं."

त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. पीठ आणि पाणी एक होऊन गालांवर त्याची खळ झाली. बराच वेळ ते पुसत राहिले. मग एकदम थांबून काळजीनं म्हणाले, "पण परत तं केलंच न्‍हाई ना, बाई. म्हंजे मलेच जा लागते आता."

आणि ते गेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी, धुतलेला पांढरा पायजमा, टोपी, दोन्ही घड्याळं. सायकलच्या कॅरिअरला ज्वारीच्या पिठाची पिशवी. काकूंना फक्त एवढंच सांगितलं, की तांड्यावर जाऊन येतो. मला गाय बघायला जायचंच होतं, म्हणून मी स्कूटरवर मागे बसा म्हटलं. "माही सायकल हाय," म्हणाले. मग पूर्ण रस्ता मी पुढे जाऊन थांबायची आणि ते मागून पायडल मारत यायचे.

याडी ओट्यावर बसली होती. काका तिच्यापुढे जाऊन उभे राहिले, टोपी काढली, आणि शाळेत हजेरी दिल्यासारखे म्हणाले, "मी उसने. आलो परत."

याडीनं त्यांना हात धरून खाली बसवलं. हनुवटी धरून तोंड इकडं वळवलं, तिकडं वळवलं. कानाची पाळी चिमटीत धरून पाहिली. "कान आमचेच हाय," ती म्हणाली. मग घरात तोंड करून आपल्या भाषेत ओरडून काहीतरी सांगितलं आणि हां हां म्हणता अख्खा तांडा ओट्याभोवती जमला. म्हाताऱ्यांनी मिठ्या मारल्या, बायका पदराआडून हसत होत्या. भाकरी आणि लसणाची चटणी आली. दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारे काका तीन भाकरी जेवले. याडी शेजारी बसून वाढत होती आणि म्हणत होती, "किती वाळला रे. त्या कुणबिणीनं बरा ठेवला होता."

मी माझं काम आटोपून पुढे निघाले. काका संध्याकाळी आले ते याडीच्या नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून. सायकलची ट्यूब फुटली होती, ती तिथंच राहिली होती. काकू दारात उभ्या होत्या. लग्न झाल्यापासून नवऱ्याला दुसऱ्याच्या गाडीवर बसलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. "अवो! लिफ्ट घेतली?"

"घरची गाडी हाय," काका उतरता उतरता म्हणाले. "घरचं काय उसनं असते का?"

त्या रात्री खालून चढे आवाज येत राहिले. सकाळी काकूंनी माझ्याशी बोलणं टाकलं. ही गोष्ट घरात मी आणली होती, त्यांचा राग रास्त होता. काकांवर तर त्या उघडच कडाडत होत्या. "पोराचं लगन चार-पाच महिन्यांवर आलं अन् हे कोणते कुळ उकरून राह्यले! त्या वणीवाल्यांच्या कानावर गेलं तं? आपले नातेवाईक काय म्हणतीन? कोण कुठली बाई, म्हणे आमचा पोट्टा! लगन होऊ द्या, मंग बोंबला गावभर."

"लपवलं तं मंग ते चोरीच झाली ना," काका म्हणाले. "इतके दिवस चोरी नव्हती. आता कायले करू?"

ते सकाळच्या एसटीनं वणीला गेले. मुलीचे वडील कोळशाच्या खाणीत नोकरीला, गंभीर, कमी बोलणारे. काकांनी त्यांना समोर बसवून अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. व्याह्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "इचार करून सांगतो." काका परत आले ते हे एकच वाक्य घेऊन.

पुढचे दिवस त्या घरात अवघड गेले. काकू ताट आदळून वाढत. काका चक्कीवर असत, पण कुणाला आडनाव विचारत नसत. मुलाला त्यांनीच फोन करून सांगितलं होतं. मी जिन्यात उभी होते, म्हणून त्यांचं बोलणं कानावर पडलं. "हो... हो... न्‍हाई, बैल नव्हताच... हो, पोट्टं होतं." मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "तो म्हणे, चोरी नव्हती हे पक्कं ना, बाबा? म्हटलं, पक्कं. मंग म्हणे, राहू द्या नाव." आणि थोड्या वेळानं, "पण लगन मोडलं तं नाव घेऊन काय करीन तो?"

मीही त्यांना माझी शंका बोलून दाखवली. काका, ही गोष्ट खरीच असेल असं कशावरून? जुनी माणसं सांगतात, पुरावा काही नाही.

"बैलाची कोणी पाह्यली होती?" ते म्हणाले. "ती जन्मभर मानली ना मी. बिना पुराव्याची. मंग ही काहून मानू नये?"

एका दुपारी वणीवाले व्याही स्वतःच येऊन उभे राहिले. न कळवता, एकटे, हातात पिशवी. काकूंच्या हातातलं सूप खाली पडलं. त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मला वर जायचं होतं, पण वाट त्यांच्या पुढूनच होती, म्हणून मीही तिथंच अडकले. व्याही पाणी प्यायले, रुमालानं मिशा टिपल्या आणि म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी एवढं खरं सांगतलं अन् मी नुसता बसून राह्यलो. घरी गेलो तं झोप येत न्‍हाई. काहून, तं आमचंबी एक हाय."

"काय?" काका म्हणाले.

"माही आजी सांगे, आमचा मूळपुरुष तिकडं तेलंगणातून आला. कायले आला? तं तिथं कोंबड्या चोरतानी सापडला. लोक मागं लागले, हा नदी पोहून अलीकडं आला अन् इथंच राह्यला. सोयरीक करतानी मी तुम्हाले हे सांगतलं का? न्‍हाई सांगतलं. आता सांगतलं. पाहा, मुलगी पटते का."

काका काकूंकडे बघायला लागले. काकू व्याह्यांकडे बघत होत्या. मग काकूंच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं रडतात, पण त्या हसत होत्या. पदर तोंडात कोंबून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. "कोंबड्या!" एवढंच त्यांच्या तोंडून येई आणि पुन्हा हसू फुटे. गंभीर व्याह्यांनाही शेवटी हसू आलं. त्या दिवशी काकू माझ्याशीही बोलल्या. म्हणाल्या, "उभी काहून राह्यली? जेवून जा."

लग्न उन्हाळ्यात थाटात झालं. पत्रिकेवर 'उसने' हा शब्द काकांनी एवढा मोठा छापून घेतला होता, की वधूवरांची नावं त्याच्याखाली बसवताना छापखानेवाल्याला नाकी नऊ आले. तांड्यावरून दोन गाड्या भरून माणसं आली. काकांकडचे काही नातेवाईक लांब एका बाजूला बसून कुजबुजत होते, दोघे-तिघे न जेवताच गेले. काकांना ते दिसत होतं. ते प्रत्येकाला गेटपर्यंत पोचवून आले आणि पुन्हा पंगतीत वाढायला लागले. तांड्यावरच्या बायकांनी मांडवात त्यांची गाणी म्हटली. याडीला काकांनी पुढच्या खुर्चीवर बसवलं. काकूंनी तिला रीतसर ओटी भरून लुगडं दिलं, पण मान वर करून काही तिच्याकडे पाहिलं नाही. "त्या बाईले चहा द्या रे," असं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं.

नवी सून पहिल्याच दिवशी घाबरत काकांना म्हणाली, "बाबा, मी लग्नानंतरही माहंच आडनाव ठेवीन म्हणते. माह्या सगळ्या कागदांवर तेच आहे." काकूंचा चेहरा उतरला. काका मात्र खूश. "बरोबर हाय पोरी," म्हणाले. "आपलं हाय तं उसनं कायले घ्या?"

लग्नानंतर वर्षभरानं माझी बदली झाली. फोन अधूनमधून होत. गेल्या हिवाळ्यात यवतमाळला कामाला आले होते, तेव्हा दिग्रसला मुद्दाम उतरले. भर सकाळ, दळणाची वेळ, आणि चक्की बंद. ती बंद असलेली दिवाळीखेरीज मी कधी पाहिली नव्हती.  मागच्या दारानं आत गेले, तर काकू चुलीपुढे बसल्या होत्या, आणि काकांचा पायजमा दोरीवर वाळत होता. जीव भांड्यात पडला.

"काका कुठं आहेत?"

"तांड्यावर हाय. याडी गेली ना परवा. आज पोरासारखे केस दिले त्यांनी. तिच्या नातवासंगं राह्यले तिथं, तिसरा करूनच येतीन." काकूंचे डोळे सुजलेले होते. त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवला आणि बोलत राहिल्या. याडी मागल्या साली आजारी पडली, तेव्हा काका तिला दवाखान्यासाठी दिग्रसला घेऊन आले होते. महिनाभर ती याच घरात होती. काकूंनीच तिला अंघोळ घातली, वेणी घातली. दोघी दिवसभर भांडत. म्हातारीला काकूंच्या भाजीत तिखट कमी लागे. "जातानी मले म्हणे, तू बी त्या कुणबिणीसारखीच हाय. म्हटलं, व माय, हे चांगलं बोलली का वाईट? सांगतलंच न्‍हाई तिनं."

आम्ही ओसरीवर येऊन बसलो. तेवढ्यात पलीकडच्या आळीतली एक बाई गव्हाचा डबा कमरेवर घेऊन आली आणि बंद चक्की पाहून थबकली.

"काहो काकू, चक्की काहून बंद? कोण गेलं?"

काकूंनी चहाची कपबशी माझ्यापुढे सरकवली, पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला आणि म्हणाल्या, "सासू गेली व माही."

त्या बाईनं डबा खाली ठेवला आणि ती काकूंजवळ पायरीवर बसली.